गुरुवारचं गाठोडं

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. दुकानात दोन इस्त्र्या आहेत आणि तिसरी मालकाच्या डोक्यात, असं माझी बायको गिऱ्हाइकांना हसत सांगते. गिऱ्हाइकंही हसतात, कारण त्यांना कपडे वेळेवर हवे असतात. पण त्या दिवशी नगरपालिकेच्या कचेरीत मी जो भांडलो तो स्वतःसाठी भांडलो नाही. ताईसाठी भांडलो. पुढे मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्याचीच.

झालं असं, की नगरपालिकेनं पाण्याची जुनी मीटरं बदलायला काढली आणि आमच्या लाँड्रीच्या शटरवर नोटीस चिकटली. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याने समक्ष हजर राहावे. तो हयात नसल्यास वारसाने मृत्यूचा दाखला जोडून नावबदलाचा अर्ज करावा. मुदत महिनाअखेर, त्यानंतर पाणी तोडण्यात येईल. आमची जोडणी आईच्या नावावर आहे. घर तिच्या वडिलांचं होतं, पुढच्या दोन खोल्यांत मी दुकान काढलं, आणि पाणी तिच्या नावानं येत राहिलं. आई मी चार वर्षांचा असताना वारली. बेचाळीस वर्षं मेलेल्या माणसाच्या नावानं नळ चालू आहे यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

पाण्याच्या खिडकीवर एक कारकून बसतो. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट कागदावरच दिसते.

"जोडणीधारकाला घेऊन या," तो म्हणाला.

"ती माझी आई. वारली."

"मग दाखला आणा."

"दाखला घरात सापडत नाही."

"दाखला नाही म्हणजे आमच्या दृष्टीनं त्या हयात आहेत. त्यांना घेऊन या."

"अहो, मेलेल्या बाईला मी कुठून आणू?"

"तेच म्हणतोय. जन्म-मृत्यूच्या खात्यातून आणा."

"आणि नवी जोडणी घेतली तर?"

"नव्या जोडणीला सध्या आठ महिने थांबावं लागतं."

आठ महिने. लाँड्रीला आठ दिवस पाणी नसलं तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं आणि परत येत नाही. मुलगी कॉलेजात, बायको माझ्याच बरोबर दुकानात. बावीस वर्षांचा धंदा एका कागदावर येऊन अडकला होता. घरी येऊन मी नोटीस टेबलावर आपटली आणि घरच्यांवरच ओरडलो.

तेव्हा ताई पुढे झाली.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत शिवण शिकवते, समोरच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझ्या प्रगतीपुस्तकावर आईच्या रकान्यात तिची सही असायची. तेव्हा ती स्वतः शाळेत जाणारी पोर, पण सही अशी ठोकून करायची, की मास्तरही काही बोलत नसत. शेवटच्या अक्षराखाली एक तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे आमच्या नात्यातला प्रत्येक माणूस मला येता-जाता ऐकवायचा, आणि मीही मान खाली घालून ऐकायचो. आई कशी गेली हेही मला ताईनंच सांगितलं. ताप आला, तीन दिवसांत खेळ आटोपला. शेवटच्या दिवशी आईनं माझ्या कपाळावर हात ठेवला होता, असं ती सांगायची. इतक्या वेळा सांगायची, की तो हात मला आठवतो असंच मी समजून चाललो होतो. माझ्या मुलीलाही मी तो हात सांगितला.

"तू दुकान टाकून कुठे रांगा लावत बसणार?" ताई म्हणाली. "मला सुट्टी आहे. मी बघते."

चार वेळा गेली. चारही वेळा दमून परत आली, दुकानातल्या स्टुलावर बसली आणि मी कोमट पाण्याची बादली तिच्या पायांशी ठेवली. बायकोनं चहा दिला. "नाही रे सापडत," ताई म्हणायची. "त्या सालच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या म्हणे." चौथ्या वेळी तिनं हळूच सुचवलं, "जाऊ दे ना ती जोडणी. तुझ्या नावानं नवी घे." आठ महिन्यांचं तिला माहीत होतं. मी म्हटलं, "ताई, दुकान बंद पडेल." ती म्हणाली, "काहीतरी मार्ग निघेल." मला तिची दयाच आली. म्हातारपणाकडे झुकलेली बाई, माझ्यासाठी किती हेलपाटे घालणार? महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा तिला न सांगता मी स्वतःच निघालो.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कपडा आला, की कॉलरच्या आत किंवा कोपऱ्याला न पुसणाऱ्या काळ्या शाईनं गिऱ्हाइकाचा नंबर घालायचा. पन्नास पांढरे शर्ट एका हौदात उकळतात, तिथे खूण नसेल तर कुणाचा कुठला हे कोण सांगणार? घरच्यांच्या कपड्यांना मात्र खूण करत नाहीत. बायकोचे, मुलीचे, माझे आणि ताईचे कपडे बिनखुणेचे. आणि कुणाचं काम फुकट करायचं असलं, तर नंबराऐवजी शून्य. असं शून्याचं गिऱ्हाईक माझ्याकडे एकच होतं. ताईच्या शाळेतून निवृत्त झालेल्या कुणी बाई होत्या, एकट्या, हात चालत नाहीत, असं सांगून ताई दर गुरुवारी एक गाठोडं आणायची. एक चादर, दोन अभ्रे, दोन सुती झगे, थंडीत एक राखाडी शाल. एकोणीस वर्षं आणलं. फुकटचं काम म्हणून मी ते सगळ्यात शेवटी घ्यायचो, आणि घेताना तोंड वाजवायचो. एकदा तर राखाडी शालीचा कोपरा माझ्याकडून चांगला रुपयाएवढा जळला. ताई पुढच्या गुरुवारी ती रफू करूनच घेऊन आली आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या, असू दे, दमला असेल." मला उलट रागच आला. मी दमलो की नाही याच्या चौकशा या बाईंना कशाला? तीन वर्षांपूर्वी गाठोडं यायचं थांबलं. बाई भावाकडे राहायला गेल्या, असं ताई म्हणाली. "सुटलो बुवा," मी म्हटलं. हे मी ताईच्या तोंडावर म्हटलं होतं.

तर कचेरी. बाहेरच्या फलकावर जन्म-मृत्यू नोंदणी खोली चार, असं लिहिलंय. खोली चारमध्ये दिवाबत्तीचं खातं. तिथल्या माणसानं पेन जिन्याकडे केलं. जिन्यावर बाण होता, तो छताकडे. चौकशीची खिडकी बंद, आणि तिच्यावर चिठ्ठी, की चौकशीसाठी खिडकी सातवर चौकशी करावी. खिडकी सात म्हणजे आपला पाणीवाला कारकून.

"आलात?" तो म्हणाला. "मागच्या अंगणातून जा, कर विभागाच्या मागे, लोखंडी दार."

लोखंडी दारामागे लांबट खोली होती. भिंतभर पत्र्याचे रॅक, त्यांवर जाडजूड वह्या, प्रत्येकीच्या कण्यावर साल रंगवलेलं. मधल्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. हातात सुती हातमोजे, चष्म्याला दोरी. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला लाकडी पट्टी. माझ्या दुकानासारखंच सगळं जागच्या जागी होतं. एरवी मला ती खोली आवडली असती.

"माझ्या बहिणीनं शोधाचा अर्ज दिलाय," मी म्हणालो. "चार वेळा येऊन गेली. त्याचं काय झालं ते सांगा."

त्यांनी शोध अर्जांची वही काढली. पट्टी ठेवून एकेक ओळ खाली गेल्या. महिना संपला, मागचा महिना घेतला. "या नावाचा अर्ज नाही."

"नाही कसा?"

"आला असता तर नंबर पडला असता. इथे नंबराशिवाय कुणाला आत घेत नाही."

मग मात्र माझी तिसरी इस्त्री तापली. साठीला टेकलेली बाई तुमच्या दारात चार वेळा उभी राहते, तिचे पाय सुजतात, आणि तुम्ही अर्ज हरवून वर तोंड करून सांगता, की आलीच नाही? तिचा शब्द खोटा आणि तुमची वही खरी? माझ्या बहिणीनं जन्मात कुणाला फसवलं नाही, मला तळहाताच्या फोडासारखं जपलं तिनं, आणि तुम्ही तिला खोटारडी म्हणता? मी एवढ्यानं ओरडलो, की कर विभागातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. माझं झाल्यावर बाईंनी नवा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"वर म्हणे वह्या वाळवीनं खाल्ल्या!" मी लिहिता लिहिता म्हणालो.

"वाळवी?" त्यांनी पत्र्याच्या रॅककडे बघितलं. "भाऊ, वाळवी या खोलीत आली तर उपाशी मरेल. कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी लिहीत राहिलो. ताईला कुणीतरी शिपायानं काहीतरी सांगितलं असेल, तिला ते खरं वाटलं असेल. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. येणार कुठून?

बाईंनी मी सांगितलेल्या सालाची वही काढली. सगळी पानं शाबूत. पट्टी एकेका ओळीवरून खाली सरकत गेली आणि मी बाकावर बसून ती बघत राहिलो. आधीचं साल झालं, नंतरचं झालं. दोन तास गेले.

"नाही," त्या म्हणाल्या. "नोंद मिळत नाही असा दाखला देऊ शकते. तो घेऊन तुम्ही कोर्टात जाऊ शकता."

"त्याला किती दिवस?"

"महिने."

"मला पाच दिवस आहेत. आणि नोंद मिळत नाही म्हणजे काय? माझी आई काय हवेत विरली?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कधी कधी लोक फार उशिरा नोंद करतात. मृत्यू जुना असतो, पण नोंद ज्या साली होते त्या सालात जाते. गेल्या दहा वर्षांचं कॉम्प्युटरवर आहे. बघायला काय जातंय?"

त्यांनी आईचं नाव टाकलं. नवऱ्याचं नाव टाकलं. एक ओळ आली.

"ही बघा."

"उशिरा केली ना? तरीच सापडत नव्हती!" मी बाकावरून उठलो. सुटलो, एवढंच मनात आलं.

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "नोंद दुसऱ्याच दिवशी झालीय. मृत्यू तीन वर्षांपूर्वीचा आहे. वय बहात्तर."

मी हसलो. खरंच हसलो. दुसरी कुणीतरी असणार, नावं काय, एकाची चार असतात. पण आईच्या वडिलांचं नावही तेच होतं. मग मी हट्टाला पेटलो. मूळ फॉर्म दाखवा म्हणालो, तुमच्या कॉम्प्युटरची चूक आहे, मी सिद्ध करून देतो. बाई उठल्या, मागच्या रॅकमधून एक फाइल आणली, पान उघडलं आणि माझ्याकडे वळवलं.

राहण्याचं ठिकाण, जुन्या पोस्टामागची इमारत, खोली नऊ. त्या इमारतीत माझी दोन गिऱ्हाइकं आहेत, खोली सहा आणि खोली अकरा. कपडे द्यायला मी स्वतः जातो. नऊ नंबरचं दार माझ्या डोळ्यांसमोर आलं, बंद, पायपुसण्यासकट. त्या दारावरून मी शेकडो वेळा गेलो असेन.

खाली, माहिती देणाऱ्याचं मृताशी नातं. मुलगी. त्याच्यापुढे सही. शेवटच्या अक्षराखाली तिरकी रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

"ओळखीची आहे का सही?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. का म्हणालो ठाऊक नाही. मघाशी जिच्यासाठी गळा फाडला होता तिला त्या परक्या बाईसमोर उघडं पाडायला जीभ वळली नाही, एवढंच.

प्रत हवी असेल तर अर्जात नातं लिहा, असं त्या म्हणाल्या. मी मुलगा लिहिलं. त्यांनी माझा अर्ज बघितला, मग फॉर्म बघितला, आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. प्रत उद्या मिळेल म्हणाल्या. फॉर्मच्या कडेला शिक्का होता, की एक प्रत माहिती देणाऱ्यास दिली. म्हणजे मी ज्या कागदासाठी महिनाभर उरी फुटत होतो तो माझ्या घरासमोरच्या गल्लीत तीन वर्षं पडून होता.

मी थेट ताईकडे गेलो. ती खिडकीशी बसून एका मुलीच्या गणवेशाची किनार उसवत होती.

"आईचा दाखला दे," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. हातातली कात्री खाली ठेवली. कुठला दाखला, असं तिनं विचारलं नाही. मला वाटत होतं, तिनं विचारावं. थोडं तरी नाकारावं, म्हणजे कुठेतरी चूक असण्याची आशा राहील.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या सहीनं. खाली दोन टिंबं टाकतेस ना अजून?"

तिनं मांडीवरचा गणवेश सारखा केला. मग बोलली ते खाली बघतच. आई मेली नव्हती. एका दुपारी पिशवी घेऊन निघून गेली होती, कारण आदल्या दिवशी बाबांनी तिचा हात मोडला होता आणि ती पहिलीच वेळ नव्हती. बाबा म्हणाले, आजपासून ती मेली, आणि जो दुसरं काही बोलेल त्यालाही मी मेला समजेन. चौदा वर्षांच्या ताईनं मग ताप तयार केला, तीन दिवस तयार केले, कपाळावरचा हात तयार केला.

"तो हातही?"

"तू रडत होतास रे. काहीतरी द्यायलाच हवं होतं."

"बरं. तू चौदाची होतीस, बाबांचा धाक होता. मान्य. पुढे?"

पुढे आई एक दिवस शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. ताई तेव्हा सत्तावीस वर्षांची, मी सतरा. तेव्हापासून दर गुरुवारी ताई तिच्याकडे जायची.

"बाबा तर मी वीस वर्षांचा असतानाच गेले," मी म्हणालो. "त्यानंतर तेवीस वर्षं ती जिवंत होती, ताई. दहा मिनिटांवर. तेवीस वर्षांत एक गुरुवार मला द्यायला काय झालं होतं?"

"तिलाच भीती वाटायची. तू तिचं तोंड बघणार नाहीस असं वाटायचं तिला."

"तिला वाटायचं. तुला काय वाटायचं?"

ती उठली. खिडकी लावली, परत उघडली. "तू मला लहानपणी आई म्हणायचास," ती म्हणाली. "बाहेर ताई, पण ताप आला, भीती वाटली, की आई. मी तुझ्या पुस्तकांवर सह्या केल्या. तुझ्यासाठी मला आलेली तीन स्थळं मोडली. ती परत आली, आणि मला वाटलं, हिला आता सगळं आयतं मिळणार. मी तिला म्हणायचे, अजून वेळ आली नाही, तो ऐकणार नाही. ती माझं ऐकायची. शेवटच्या आजारपणात तिनं विनवलं, आता तरी त्याला बोलाव. मी म्हटलं, उद्या."

"आणि?"

"उद्या उजाडलाच नाही."

एरवी मी रस्त्यावरच्या माणसाशीही चार तास भांडू शकतो, आणि इथे मला एक शिवी सुचली नाही. परक्यानं फसवलं तर माणूस आरडाओरडा करतो, पोलिसात जातो. ज्या माणसाच्या मांडीवर आपण वाढलो त्यानंच केसानं गळा कापला तर कुणाकडे जायचं?

"माझं दुकान बंद पडलं असतं," मी शेवटी म्हणालो. "तू माझ्या बादलीत पाय घालून बसलीस, आणि कचेरीत एकदाही गेली नव्हतीस. कुठे जायचीस त्या चार वेळा?"

"बागेत बसायचे."

तिनं कपाट उघडलं. दाखला खालच्या खणात होता, कपड्यांच्या खाली. तो काढण्यासाठी तिनं वरची घडी उचलून खाटेवर ठेवली. राखाडी शाल. मी ती ओळखायच्या आधी माझ्या हातानं ओळखली. कोपऱ्यात रुपयाएवढं रफू, आणि रफूच्या बाजूला, न पुसणाऱ्या काळ्या शाईत, माझ्या हातानं काढलेलं शून्य.

"गाठोडं तिचं होतं?"

ताईनं होकारार्थी मान हलवली. "तिला म्हटलं होतं, मी घरी धुते. पण तिला तुझ्या हातची इस्त्री हवी असायची. घड्या उलगडायची नाही दोन-दोन दिवस. तशीच उशाशी ठेवायची."

मी शेवटी घ्यायचो ते गाठोडं. तोंड वाजवून घ्यायचो. सुटलो बुवा म्हणालो होतो, आणि हिनं ते ऐकून घेतलं होतं. त्या आठवड्यात आई गेलेली होती, आणि हिनं ते उभ्यानं ऐकून घेतलं आणि चहा पिऊन गेली. मला रडू आलं ते तिच्यासमोर आलं, याचाही मला राग आला. ती जवळ यायला लागली तसा मी हात आडवा केला. दाखला घेतला, शाल घेतली आणि बाहेर पडलो.

पाणी तुटलं नाही. कारकुनानं दाखल्यावरची तारीख बघितली, नोटीस बघितली आणि म्हणाला, "अहो, एवढ्यातलाच आहे की! मग महिनाभर सापडत कसा नव्हता?" मी म्हटलं, घरातच होता. त्यानं शिक्का मारला. नळावर आता माझं नाव आहे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी म्हणाली, "ताईंनी तुम्हाला वाढवलं हेही खरंच आहे ना." खरं आहे. ते खोटं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

शालीवरचं शून्य मी काढायचा प्रयत्न केला. लिंबू, सोडा, दुकानातलं सगळ्यात कडक औषध, सगळं झालं. लोकर विरली, पण शून्य गेलं नाही. ती शाई मी स्वतःच पारखून घेतो, जाणार कशी?

पुढच्या गुरुवारी ताई दुकानात आली. नेहमीप्रमाणे स्वतःच्या कपड्यांची पिशवी घेऊन, नेहमीच्या वेळी. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिनं पिशवी फळीवर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलेन, निदान ओरडेन, असं तिला वाटत असणार. मी ओरडलो असतो तर ती स्टुलावर बसली असती, बायकोनं चहा टाकला असता आणि हळूहळू सगळं मिटलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे आणि तिलाही तो माहीत आहे.

मी पिशवी रिकामी केली. तीन झगे, एक चादर. एकेक झटकून बघितला, डाग बघितले, गुंड्या मोजल्या. मग शाईच्या बाटलीचं झाकण उघडलं. पहिल्या झग्याची कॉलर उलटी केली आणि आतल्या बाजूला सावकाश नंबर घातला. दोनशे चौदा. दुसऱ्याला घातला, तिसऱ्याला घातला, चादरीच्या कोपऱ्याला घातला. बावीस वर्षांत तिच्या कपड्याला शाई लागली नव्हती.

ताईनं ते सगळं उभ्यानं बघितलं. तिचा हात फळीवर होता, तो तिनं काढून घेतला.

"कधी मिळतील?" तिनं विचारलं.

मी पावती फाडून तिच्यापुढे ठेवली.

"शनिवारी," मी म्हणालो. "येताना पावती आणा."